अंबुजाक्कांचं 'होणां'

अंबुजाक्कांना खुर्चीवर बसलेलं मी एकदाच पाहिलं. ही त्या एका वेळेचीच हकिगत आहे, पण तिथवर पोचायला जरा वेळ लागेल. अक्कांना एवढा धीर निघाला नसता. मधलं सगळं सोडून त्यांनी आधी शेवट विचारला असता, आणि तोही दारात उभं राहूनच ऐकला असता.

चेन्नईजवळ अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या एका कारखान्यामागे आमची प्रयोगशाळा आहे. डॉ. अंबुजा तिथल्या सूक्ष्मजीव विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या खोलीत चांगली गादीची, फिरणारी खुर्ची होती. तिच्यावर त्यांची पिशवी, छत्री आणि जेवणाचा डबा बसायचे आणि त्या स्वतः उभ्या असायच्या. कॉफी उभ्यानं, डबा उभ्यानं, फोन तर चालत चालत. चालताना अडचण नको म्हणून निऱ्या चांगल्या वीतभर वर खोचलेल्या. पायाला भिंगरी असते हे मी लहानपणापासून ऐकत होतो, ती प्रत्यक्ष पाहिली अंबत्तूरला. नवीन कुणी "मॅडम, बसा ना" म्हणालं की उत्तर ठरलेलं: "बसलेलं अस्क मुरतं पा. मी काय लोणचं की?"

'अस्क' म्हणजे सगळं, आणि 'पा' म्हणजे आपलं 'बाबा'. अक्कांचं मराठी तंजावरचं. त्यांचे पूर्वज कधी काळी तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. सोबत नेलेली भाषा त्यांनी घरात जपून वापरली, आणि आजूबाजूची तमिळ तिच्यात आपसूक मुरत गेली; 'मीच'चं 'मीदान' झालं ते असंच. त्यामुळे अक्का बोलायला लागल्या की अर्धे शब्द जुन्या पोथीतून उठून आल्यासारखे वाटत आणि हेल मात्र शुद्ध तमिळ, मैलापूरचा. मी मिरजेचा. बायकोला जवळच्याच आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात नोकरी लागली, तिच्या मागोमाग मी आलो आणि अंबत्तूरला चिकटलो. मद्रासी साहेबीण असणार अशा तयारीनं पहिल्या दिवशी इंग्रजी घोकत गेलो होतो. अक्कांनी माझं नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ऊर कंचं?" मला कळेना. "गांव, गांव!" मी मिरज म्हणालो. त्या दिवसापासून माझं नाव मिरज पडलं. माणसांना त्या गावाच्या नावानंच हाक मारत. माणूस विसरतो कुठला आहे ते, कोणी तरी सांगत राहायला होवा, असं त्यांचं म्हणणं.

त्या पहिल्याच आठवड्यात मी घरून कांदेपोहे नेले होते. अक्का आपल्या डब्याच्या झाकणात थोडे घेऊन उभ्यानं खात होत्या. मी विचारलं, "आणखी वाढू?" त्या म्हणाल्या, "होणां." मी वाढले. त्यांनी डोळे मोठे केले. संपवले. मी पुन्हा विचारलं. "होणां, होणां!" एवढ्या आनंदानं होकार मिळाल्यावर मी डबाच उपडा केला. अन्न टाकायचं नाही हा नेम, म्हणून बाईंनी ते सगळे खाल्ले आणि मग कपाळावरचा घाम पुसत विचारलं, "तुमच्या मिरजेंत होणां म्हटलं की वाढत्यात काय?"

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या घरात 'होणां' म्हणजे नको. मी ऐकत होतो ते आपलं 'हो ना'. णकार जरा जड आणि शेवटी नाकातला सूर, एवढाच फरक. पण मिरजेच्या कानाला तो कुठून कळायचा! त्यानंतर कितीतरी दिवस अक्का हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला तमिळमध्ये रंगवून सांगत होत्या आणि मी मध्ये उभा राहून हसत होतो. गंमत म्हणून तो चांगलाच होता.

आता आमचं काम काय, ते सांगायला हवं. जमिनीखाली तेल तळ्यासारखं साचलेलं नसतं. ते वाळूच्या कणाकणाला चिकटून असतं. विहीर खणली की सुरुवातीचं आपोआप वर येतं, मग आत पाणी दाबून थोडं आणखी काढतात, आणि तरी बरंचसं तेल वाळूला धरून खालीच राहतं. अशी विहीर म्हातारी झाली की तिच्यात सिमेंट भरून तिला मिटवून टाकतात. अक्कांचं सगळं आयुष्य त्या खाली राहिलेल्या तेलामागे गेलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या एकच गोष्ट सांगत. "कढईला तेल लागलंय. निस्तं पाणी ओतलं तर जातं की? शिकेकाई लागती कां नाही? मग तेवढं खालीं जाऊन कढई घासणार कोण? मी जाऊं? तुम्ही जातां? हीं माझीं लेंकरंच जाणार."

लेंकरं म्हणजे जिवाणू. ते त्याच विहिरींच्या पाण्यातून वेगळे काढलेले, त्या उष्णतेला आणि त्या अंधाराला सरावलेले. त्यांना साखर कारखान्यातली मळी खायला द्यायची. ते खातात, वाढतात, वायू सोडतात. पोट भरलं आणि मळी संपली, की मग ते साबणासारखा एक पदार्थ करायला लागतात, आणि त्या साबणानं वाळूला धरलेलं तेल सुटतं. प्रयोगशाळेत हेच आम्ही हातभर लांबीच्या काचेच्या नळ्यांत करत होतो. वाळू ठासायची, तेलात भिजवायची, जिवाणू आणि मळी आत सोडायची, दोन्ही टोकांचे कॉक बंद करायचे आणि नळी उबदार कपाटात ठेवून द्यायची. त्यानंतर थांबायचं. खरं म्हणजे या कामात थांबण्याशिवाय दुसरं काही नाहीच.

आणि देवानं या कामावर बसवलं, म्हणजे उभं केलं, ते अंबुजाक्कांना. दिवसातून कितीदा त्या कपाट उघडून बघत ते मोजायची सोय नव्हती. नळीला कान लावत. काचेवर टिचकी मारत. "काय चाललंय की आंत! मिरज, थोडं उघडून पाहूं?" मी म्हणायचो, "अक्का, अजून वेळ आहे." "कळतंय पा. मजदान माहीत आहे वेळ आहे ते. थोडंसं." आणि कॉक फिरायचा. फेसाळ पाणी यायचं, तेलाचा एखादा थेंब यायचा, अक्कांचा चेहरा पडायचा. "ऐयो, अजून दोन दिवस ठेवायला होवा होतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते मीच म्हणायला लागलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं मी एकदा तोंडावर म्हणालो तर त्यांना ती म्हण फार आवडली. नंतर स्वतःच म्हणत, "मज अस्क अंगाला बाशिंग."

यात गंमत होती तसं नुकसानही होतं. ज्या नळ्या चुकून सुटीत किंवा त्यांच्या गैरहजेरीत बंद राहिल्या, त्यांतून भरभरून तेल आलं. ज्या त्यांच्या देखरेखीखाली होत्या, त्या अर्धवट राहिल्या. बाईंना विषय आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होता, आणि त्यांच्या प्रयोगांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याच होत्या. आमचे साहेब बैठकीत म्हणत, मॅडमना रजा द्या, निकाल सुधारतील. अक्का त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसत, अर्थात उभ्यानं.

त्यांच्या घरी नुंगंबाक्कमला मी पुष्कळदा गेलो. त्यांचे यजमान रघुनाथराव बँकेतून निवृत्त झालेले. ते सकाळी झोपाळ्यावर बसले की जेवायलाच उठत. अक्का मोरी, गॅस, बाल्कनी, पुन्हा गॅस अशा फिरत असायच्या आणि त्या फेऱ्यांच्या मध्ये रघुनाथराव झोपाळ्यावर शांत. "हिला विचारूं नका कुठें निघालीस," ते मला म्हणाले होते, "तिजच माहीत नसतं." अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तुम्ही निघालांत कधीं तर मी विचारेन!" दोघांचं बरं चाललं होतं.

अक्कांना एकच गोष्ट हवी होती. खरी विहीर. काचेतली नाही, जमिनीतली. निवृत्तीच्या आधी एकदा आपली लेंकरं त्या खोल उष्ण वाळूत सोडायची आणि तेल वर येताना डोळ्यांनी पाहायचं. त्यासाठी किती वर्षं त्यांनी किती उंबरे झिजवले, ते त्यांनाच माहीत. निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना एक तेल कंपनी तयार झाली. कावेरीच्या मुखाकडच्या शेतांत तिची एक म्हातारी विहीर होती, लवकरच मिटवायची ठरलेली. कंपनी म्हणाली, मिटवण्याआधी एकदा करून बघा, पण एकदाच. तेल आलं तर पुढच्या विहिरी तुमच्या, नाही आलं तर विषय संपला. विहीर अक्कांच्या मूळ गावापासून जवळच निघाली. त्या दिवशी अक्का प्रयोगशाळेत अक्षरशः धावत होत्या.

त्या विहिरीवरचा इंजिनिअर संदीप, आमच्याकडचाच, चाळीसगावचा निघाला. तिकडे भाताच्या शेतात एकटा पडलेला पोरगा, सगळा दिवस इंग्रजी आणि मोडकं तमिळ यांवर काढणारा. कामाच्या आखणीसाठी तो अंबत्तूरला आला आणि अक्का मराठी बोलतात हे कळल्यावर लहान मुलासारखा हरखला. अक्काही हरखल्या. लगेच त्याचं नाव चाळीसगांव झालं. जेवताना तो त्यांचे शब्द गोळा करत होता. 'अस्क' शिकला, 'लेंकरं' शिकला, 'मी सांगट्लें' म्हणून दाखवलं आणि आम्हाला हसवलं. त्या दिवशी भूक त्यांनाही होती, त्यालाही होती. वाढलेलं कुणीच नाकारलं नाही, त्यामुळे पोह्यांचा किस्सा काही निघाला नाही. जाताना तो म्हणाला, "मॅडम, आपण फोनवर मराठीतच बोलू. कान तरसलेत." अक्का म्हणाल्या, "बेष!"

विहिरीत जिवाणू आणि मळी सोडली ती अमावस्येला. संदीप कुरकुरला, अमावस्येला शुभकार्य करतात का! अक्का म्हणाल्या, "इकडे अमावस्यादान चांगली. पुढच्या अमावस्येला उघडूं." विहिरीचं तोंड बंद झालं. मी परतीच्या गाडीत अक्कांकडे बघत होतो. सबंध प्रवास त्या दाराशी उभ्या होत्या. मला खात्री होती, या बाई महिनाभर काही थांबत नाहीत. चौथ्या दिवशी त्याला फोन करून उघडायला सांगणार.

नाही सांगितलं. मी त्यांना कधीच तसं पाहिलं नव्हतं. कपाटाकडे जाणं बंद झालं, कारण कपाटात काही नव्हतंच. जे होतं ते कितीतरी लांब, जमिनीखाली. अक्का खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत, मध्येच फोन उचलत, पुन्हा ठेवत. तोंडानं काहीतरी पुटपुटत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या हातालाच सांगत आहें, गप बस म्हणून." कॉफीचा लोटा हातात घेऊन विसरत. त्यांचा आतला सगळा जीव उघड, उघड म्हणत होता आणि त्या नाही म्हणत होत्या. मीही अस्वस्थ झालो. सगळी प्रयोगशाळाच झाली. पंख्याचा आवाजसुद्धा सहन होईना.

पौर्णिमा उलटली नव्हती तेव्हाची दुपार. संदीपचा फोन आला. अक्का चालत चालतच बोलत होत्या, मी समोरच्या टेबलाशी होतो. मला ऐकू येत होतं ते त्यांचंच. "चढतंय? खरंच चढतंय?" त्यांचा चेहरा असा फुलला की मी हातातलं काम सोडलं. विहिरीच्या तोंडाशी दाब चढत होता. म्हणजे लेंकरं जिवंत होती, जेवत होती, वायू सोडत होती. तिकडून त्यानं काहीतरी विचारलं. अक्का हसून, जवळ जवळ गाऊन म्हणाल्या, "होणां, होणां!" आणि फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "घाबरलंय पा चाळीसगांव. उघडूं काय म्हणून विचारतंय. इतके दिवस मीदान विचारत होतें, आज दुसरं कोणी विचारलं. होणां सांगायला किती बरं वाटतंय!" त्या आनंदात त्यांनी कॅन्टीनमधून सगळ्यांना केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, मागवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या थांबल्या होत्या, आणि थांबण्यातलं सुख त्यांना कळलं होतं.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. "मॅडम, उघडली!" तो इतक्या उत्साहानं ओरडत होता की मलाही ऐकू आलं.

"काय उघडलं?"

"विहीर! तुम्ही सांगितल्या सांगितल्या उघडली."

"मी कधीं सांगट्लें?"

"दुपारी नाही का मॅडम! मी विचारलं, दाब वाढतोय, उघडू का? तुम्हीच म्हणालात ना, हो ना, हो ना!"

अक्कांनी फोन कानापासून बाजूला घेतला आणि त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मला कळलं. मिरजेचे पोहे एकदम माझ्या घशाशी आले. अक्का खुर्चीजवळ गेल्या. खुर्चीवरची छत्री त्यांनी खाली ठेवली. मग डबा खाली ठेवला. मग पिशवी. आणि त्या खुर्चीवर बसल्या. खिडकीबाहेर रंगाच्या कारखान्याची पाळी सुटत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीवर गेलो. टाकीत फेसाळ, तपकिरी पाणी साचलं होतं, वर तेलाचा एक पातळ पापुद्रा. सगळीकडे मळीचा गोड, आंबूस वास, आमच्याकडे गुऱ्हाळावर येतो तसा. मळी तशीच परत आली होती. खाऊन झालीच नव्हती, मग साबण कुठला आणि तेल कुठलं! दाबही गेला होता. अक्कांनी त्या पाण्यात बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाल्या, "जेवत्या लेंकरांना पानावरनं उठवलं पा." संदीप बाजूला उभा होता. त्याला आता सगळं समजलं होतं, त्याला मान वर करता येत नव्हती.

कंपनीच्या लोकांना एकच जाणून घ्यायचं होतं, ठरलेल्या दिवसाआधी विहीर कुणी उघडली. संदीपची नोकरी जायची पाळी होती. बैठकीत त्यांनी अक्कांना इंग्रजीत विचारलं. अक्का म्हणाल्या, माझ्या शब्दावरून उघडली. एवढंच. पुढे एक अक्षर नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला, कारण अक्कांचा उतावळेपणा सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणालाही ते खोटं वाटलं नाही. ज्या एका वेळी त्या खरोखर थांबल्या, त्याच वेळचा उतावळेपणा त्यांच्या नावावर कायमचा लागला. मी बाहेर आल्यावर चिडलो. "अक्का, खरं का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "खोटं काय सांगट्लें? माझ्या शब्दावरनंच उघडली की. त्या पोराचं काय चुकलं? त्याचे कान त्याच्या गांवचे, माझी जीभ माझ्या गांवची. इंग्रजींत बोललों असतों तर तेल आलं असतं." मग चालता चालता, "पण इंग्रजींत एवढं बरं वाटलं नसतं."

विहिरीत सिमेंट भरलं गेलं. अक्का निवृत्त झाल्या. तरी सल्लागार म्हणून येत राहिल्या, पगाराबिगारावाचून. पण त्या दिवसापासून एक फरक झाला. त्या 'नको' म्हणायला लागल्या. आपल्यासारखं, स्वच्छ, पुस्तकी 'नको'. कॉफी हवी का, नको. पंखा लावू का, नको. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. रघुनाथरावांशी घरातसुद्धा नको. त्यांनी मला झोपाळ्यावरून हळूच सांगितलं, "आमच्या आईचा शब्द होता तो. आतां घरांत मी एकटादान म्हणतों." मला त्या 'नको'चा फार त्रास व्हायचा. ऐकलं की वाटायचं, विहिरीबरोबर आणखी काहीतरी मिटवलं गेलं.

सिमेंट भरण्याआधी विहिरीच्या तळाची वाळू उपसली होती. तिचं एक पोतं संदीपनं बसवर टाकून आमच्याकडे पाठवून दिलं. सोबत निरोप नाही, काही नाही. अक्कांनी त्या काळ्या, चिकट वाळूची एकच नळी भरली. त्याच विहिरीची वाळू, त्याच विहिरीचे जीव. कॉक बंद केले आणि नळी कपाटात ठेवली. दिवस गेले. मी वाट पाहत होतो, कधी 'थोडंसं' म्हणतात त्याची. त्या कपाटापाशी येत, काचेतून पाहत, हात मागे बांधत आणि परत फिरत. असं कितीदा झालं. एकदा मीच म्हणालो, "अक्का, आता तरी उघडू या." तेव्हा त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

मग त्यांना रक्ताचा आजार निघाला, तोही फार पुढे गेलेला. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेलो तेव्हा बाई खाटेवर आडव्या होत्या, पण चादरीखाली पाय चालूच होते. रघुनाथराव बाहेर जिन्यात येरझारा घालत होते. त्यांना चालताना मी प्रथमच पाहत होतो. मी अक्कांशी इकडचं तिकडचं बोललो आणि मग राहवलं नाही. आता त्यांना बघायला मिळेल की नाही, हेच माझ्या मनात होतं. म्हणालो, "अक्का, नळी अजून तशीच आहे. उघडू का? मी फोटो काढून आणतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "होणां."

कितीतरी दिवसांनी ऐकला तो शब्द. जड णकार, शेवटी नाकातला सूर.

"काय ऐकलंस? सांग."

"नको म्हणालात."

"शहाणं झालं मिरज." त्या हसल्या.

"मग कधी उघडू, अक्का?"

त्यांचे पाय थांबले. विचार करताना थांबायचे नाहीत कधी, तेव्हा थांबले. "राहवेनासं होतं की नाही," त्या म्हणाल्या, "आंतनं अस्क जीव उघड, उघड म्हणतो? तेव्हांपासून मोजायला लाग. त्याच्या आधींचं तें थांबणं नव्हे, पा."

त्या आठवड्यातच अक्का गेल्या. रघुनाथराव झोपाळ्यावर बसत नाहीत असं ऐकतो. मला अजून नुंगंबाक्कमला जायचं धाडस झालेलं नाही.

परवा संदीप आला होता. त्याची बदली चेन्नईच्या कचेरीत झाली आहे. बराच वेळ तो अक्कांच्या खुर्चीकडे बघत उभा राहिला. खुर्चीवर आता काहीच नसतं, तरी तिच्यावर कुणी बसत नाही. मग त्यानं विचारलं, त्या वाळूचं काय झालं. मी त्याला कपाट उघडून दाखवलं. नळीतली वाळू पोत्यातून आली तेव्हा डांबरासारखी होती, आता तिच्यात मधून मधून तांबूस, धुतलेले पट्टे दिसतात, आणि वरच्या टोकाला, कॉकच्या खाली, काहीतरी काळं, दाट साचलेलं आहे. तेल असेल, फेस असेल, उघडल्याशिवाय कळणार नाही. मला रोज राहवत नाही. रोज माझा हात तिथपर्यंत जातो.

संदीप काचेला डोळा लावून पाहत होता. त्याचा श्वास काचेवर उमटत होता. "सुटलंय हो तेल," तो म्हणाला, "सुटलंय वाटतं. उघडू का?" आणि त्याची बोटं कॉकवर गेली.

मी म्हणालो, "होणां."

माझ्या मिरजेच्या जिभेला तो णकार काही नीट साधत नाही. पण संदीपनं हात मागे घेतला.